‘काढणे’ म्हणजे नेमके काय?
शर्यतीच्या एका नियमपुस्तकाचे वाचन

मराठीतले ‘काढणे’ हे क्रियापद फार कामसू आहे. आपण चित्र काढतो, म्हणजे नसलेले निर्माण करतो. चपला काढतो, म्हणजे असलेले दूर करतो. कर्ज काढतो, म्हणजे दुसऱ्याचे घेतो. आणि वाईट दिवस काढतो, म्हणजे नुसते सोसतो. बोलताना यामुळे काही अडत नाही. समोर काय आहे यावरून ऐकणारा अर्थ लावतो. पण हेच क्रियापद एखाद्या नियमात आले आणि त्या नियमावर कोणाची मेहनत, पैसा आणि हारजीत अवलंबून असली, तर ‘काढणे म्हणजे नेमके काय?’ या प्रश्नावर शहाणीसुरती माणसे तासन्‌तास वाद घालतात. ही अडचण एकट्या मराठीची नाही. इंग्रजीत लिहिलेले नियमही तिच्यातून सुटलेले नाहीत.

अमेरिकेत 1944 साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था हौशी लोकांसाठी मोटारींच्या शर्यती भरवते. भाग घेणारे बहुतेक जण नोकरी-धंदा करणारे. आठवडाभर काम करायचे, रात्री घरच्या गॅरेजमध्ये गाडी खोलून बसायचे आणि शनिवार-रविवारी स्वतःच्या खर्चाने धावायचे, अशी त्यांची रीत. या संस्थेचे ‘जनरल कॉम्पिटिशन रूल्स’ नावाचे कित्येकशे पानांचे नियमपुस्तक आहे. ते दरवर्षी नव्याने निघते आणि वर्षभर त्यात दुरुस्त्या होत राहतात.

कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे आपण वाचतो. नियमपुस्तकाचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. पण तेही लेखनच आहे. त्याला लेखक आहेत आणि वाचकही आहेत. वाचक तर असे, की प्रत्येक शब्द आपल्या बाजूने किती वाकतो हे ते वाकवून पाहतात. इतका सावध वाचक क्वचितच कोणा लेखकाच्या वाट्याला येत असेल. या लेखात आपण त्या पुस्तकाची नियम लिहिण्याची रीत एका लहानशा विषयाच्या आधारे तपासू या. तो विषय म्हणजे पॉवर स्टीअरिंगमधील फेरफार.

यात शिक्षकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आपण वर्गात देतो ती व्याख्या, प्रयोगाच्या अटी, प्रश्नपत्रिकेवरील सूचना, विज्ञान प्रदर्शनाचे निकष हे सारे नियमच आहेत. ते लिहिणारे आपण असतो आणि त्यांतल्या फटी शोधणारे आपले विद्यार्थी.

आधी यंत्र समजून घेऊ

स्टीअरिंगचे चाक फिरवले की त्याच्या दांड्याच्या टोकाचे लहान दंतचक्र फिरते. ते एका आडव्या दातेरी पट्टीत अडकवलेले असते. या पट्टीला रॅक म्हणतात. दंतचक्र फिरले की रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेले दांडे पुढची चाके वळवतात. हे झाले साधे, हाताच्या बळावर चालणारे स्टीअरिंग.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगमध्ये यात भर पडते. रॅकचा काही भाग एका नळकांड्यात असतो आणि त्यावर एक दट्ट्या घट्ट बसवलेला असतो. इंजिनवरून पट्ट्याने फिरणारा पंप तेलावर दाब निर्माण करतो. हे तेल दट्ट्याच्या डाव्या बाजूला सोडायचे की उजव्या, हे एक झडप ठरवते. त्या झडपेला चालकाचा इरादा कळतो तो एका बारीक, पीळ बसू शकेल अशा दांडीमुळे. चालक चाक फिरवतो, रस्त्यावरचे टायर विरोध करतात आणि या दोन ओढींमध्ये ती दांडी थोडीशी पिळली जाते. पिळाच्या दिशेप्रमाणे झडप उघडते, तेल दट्ट्याला ढकलते आणि चालकाचे काम हलके होते. दांडीचा पीळ सुटला की झडप मिटते. विजेच्या तारेशिवाय काम करणारी ही जाणीवयंत्रणा मुलांना समजावून सांगण्याजोगी आहे.

अशी चांगली सोय शर्यतपटूला नकोशी का वाटते? गाडी सरळ जात असतानाही पंप फिरत राहतो आणि इंजिनची थोडी शक्ती खात राहतो. पंप, नळ्या आणि तेल यांचे वजन असते. नळी फुटली तर तेल गरम इंजिनावर सांडण्याची भीती असते. शिवाय टायर घसरू लागल्याची जाणीव हातांपर्यंत अधिक स्पष्ट पोहोचावी, असे पुष्कळ चालकांना वाटते. एरवी या गोष्टी नगण्य. पण एकाच प्रकारच्या गाड्यांच्या वर्गात सगळ्यांची इंजिने सारखी असतात आणि पहिल्या-दुसऱ्यातील अंतर सेकंदाच्या अंशात मोजले जाते. तिथे नगण्य असे काही उरत नाही.

पंप थांबवला की काय होते?

एक खरे उदाहरण घेऊ. माझदा कंपनीची मियाटा ही दोन आसनी लहान गाडी 1989 साली बाजारात आली आणि पुढे अमेरिकेतील हौशी शर्यतींत अतिशय लोकप्रिय ठरली. तिची पहिली पिढी साध्या आणि पॉवर अशा दोन्ही स्टीअरिंगसह विकली गेली. पण या दोन्हींचे रॅक एकसारखे नव्हते. साध्या रॅकचे गुणोत्तर सुमारे 18 ला 1, तर पॉवर रॅकचे सुमारे 15 ला 1. म्हणजे पुढची चाके 1 अंश वळवण्यासाठी स्टीअरिंग पहिल्या गाडीत 18 अंश, तर दुसरीत 15 अंश फिरवावे लागते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साध्या स्टीअरिंगचे सुमारे 3.3 फेरे होतात, पॉवरचे सुमारे 2.8.

हे तरफेच्या नियमासारखेच आहे. हात कमी फिरतो, तर बळ जास्त लागते. घर्षण बाजूला ठेवले तर पॉवर रॅक नुसत्या हाताने फिरवण्यास साध्या रॅकच्या 18 भागिले 15, म्हणजे 1.2 पट बळ लागेल. वीस टक्के अधिक. बदल्यात चाके लवकर वळतील. शर्यतपटूला हा सौदा आवडू शकतो.

आता पंपाचा पट्टा काढून टाकला आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर? दट्ट्या तेलातच असतो. चालक रॅक सरकवतो तेव्हा तो ते तेल अरुंद वाटांमधून ढकलत बसतो, त्यामुळे स्टीअरिंग आणखी जड होते. ती पिळणारी दांडीही अजून जागेवर असते. म्हणून चाके वळण्याआधी स्टीअरिंग थोडे पोकळ फिरल्यासारखे वाटते. हे दोन्ही दोष घालवण्यासाठी काही जण रॅक खोलतात, दट्ट्याचे सील काढतात आणि दांडी व झडप वेल्डिंग करून एकजीव करतात. हे काम नीट झाले तर स्टीअरिंग नेमके होते. वाईट झाले तर वेल्डिंगच्या उष्णतेने कमकुवत झालेला सांधा भर वेगात दगा देऊ शकतो. म्हणून हा वाद नुसत्या शब्दांचा नाही.

एक वाक्य, पाच वाचने

वेगवेगळ्या वर्गांतील प्रत्यक्ष तरतुदी वेगवेगळ्या आहेत. वाचनाच्या सरावासाठी आपणच एक नियम रचू: ‘पॉवर स्टीअरिंग काढून टाकता येईल.’ पाचच शब्द आहेत. आता पाच स्पर्धक येतात.

पहिला म्हणतो, मी फक्त पट्टा काढला. पंप जागेवर आहे, पण फिरत नाही.

दुसरा म्हणतो, मी पंप, तेलाची टाकी आणि नळ्या काढल्या. रॅकला हात लावला नाही.

तिसरा म्हणतो, दट्ट्या आणि झडप हेही पॉवर स्टीअरिंगचेच भाग. म्हणून मी रॅक खोलून सील काढले आणि दांडी वेल्डिंगने पक्की केली.

चौथा म्हणतो, मी सगळा पॉवर रॅकच काढला. त्याजागी त्याच कंपनीचा साधा रॅक बसवला.

पाचवा म्हणतो, मीही रॅक काढला. पण त्याजागी बाजारातून आणलेला, आणखी कमी फेऱ्यांचा रॅक बसवला.

पाचही जण प्रामाणिक आहेत असे समजू. यांतले कोण नियमात बसते? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा. पाच मिनिटांत वर्गाचे तट पडतील. आणि मग विचारा, की या उत्तरासाठी आणखी कोणती माहिती हवी. नियमाबाहेर शांतता असेल तर त्या शांततेचा अर्थ काय, हे ठरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे मुलांच्या लवकरच लक्षात येईल.

मौनाचे दोन अर्थ

नियमांचे दोन स्वभाव असतात. एक म्हणतो: मनाई केलेली नाही ते सारे चालेल. दुसरा म्हणतो: परवानगी दिलेली नाही ते काहीही चालणार नाही.

पहिल्या स्वभावाचे आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत जुने उदाहरण म्हणजे हिरण्यकशिपूचा वर. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. यादी भरगच्च होती. पण संध्याकाळ, उंबरठा आणि नरसिंह हे तिच्यात नव्हते. मनाईची यादी कितीही लांबवा, तिच्यातून सुटणारे काहीतरी उरतेच. क्रिकेटमध्येही हे घडले आहे. डिसेंबर 1979 मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन मैदानात उतरला. बॅट लाकडाचीच असावी, असे तोवर नियमांत कुठे म्हटलेले नव्हते. 1980 च्या नव्या संहितेत ते म्हटले गेले.

आपल्या नियमपुस्तकाने, शोरूममधून निघालेल्या गाड्यांच्या वर्गांसाठी तरी, दुसरा स्वभाव पत्करला आहे. ‘करता येईल असे लिहिलेले नसेल, तर करता येत नाही’ हे वाक्य तिथल्या शर्यतपटूंच्या तोंडी म्हणीसारखे असते. यामागे कारण आहे. हौशी माणसाचा खर्च आटोक्यात ठेवायचा, तर कल्पकतेला कुठेतरी कुंपण घालावे लागते. कुंपण नसले, की ज्याच्याकडे पैसा जास्त त्याची कल्पकता जास्त धावते.

याच पुस्तकातील ‘इम्प्रूव्ड टूरिंग’ या वर्गाची एक सर्वसाधारण अट पाहा. तिचा आशय असा: नियमांनी स्पष्ट मुभा दिली असेल ते सोडून, मूळ गाडीत असणारा कोणताही भाग स्पर्धेत लाभ मिळवण्याच्या हेतूने निकामी करता येणार नाही, बदलता येणार नाही किंवा काढता येणार नाही. लिहिणाऱ्याने इथे तीन क्रियापदे वेगवेगळी वापरली आहेत: निकामी करणे, बदलणे आणि काढणे. तीन शब्द आहेत, म्हणजे तीन अर्थ आहेत, असे मानणे भाग आहे. नाहीतर एकच पुरला असता.

आता आपल्या पाच जणांकडे परत जाऊ. मुभा ‘काढण्या’ची आहे. तिसऱ्याने दांडीला वेल्डिंग केले. ते काढणे नव्हे, बदलणे आहे. तो बाहेर. चौथ्या आणि पाचव्याने काढले, पण त्याजागी दुसरे बसवले. बसवण्याची मुभा वाक्यात नाही. तेही बाहेर. दुसरा आत. आणि पहिला? त्याने पंप काढला नाही, निकामी केला. अक्षरशः वाचले तर तोही बाहेर!

इथे आपण थबकतो. ज्याने सर्वांत कमी केले, तोच नियमभंग करणारा ठरतो. असे उत्तर आले की दोनच शक्यता असतात: आपले वाचन चुकले, किंवा वाक्य चुकले. मला वाटते, वाक्य चुकले. ‘काढणे किंवा निकामी करणे’ असे त्यात असायला हवे होते. पण चूक दिसली म्हणून ती वाचणाऱ्याने मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावी का? आज पहिल्यासाठी मनातल्या मनात एक शब्द वाढवला, तर उद्या तिसरा आपल्यासाठी दुसरा शब्द वाढवून मागेल.

मौन कुठे अपुरे पडते?

तरीही निव्वळ मौनावर काम भागत नाही. मियाटाच्या पहिल्या पिढीत पॉवर स्टीअरिंगचा पंप आणि वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर हे एकाच पट्ट्यावर फिरतात. पंप काढला की मूळ पट्टा लांब पडतो. कॉम्प्रेसर चालू ठेवायचा तर आखूड पट्टा हवा. आखूड पट्ट्याची मुभा नियमात नाही. पट्टा लावलाच नाही तर कॉम्प्रेसर निकामी होतो, आणि त्याचीही मुभा नाही. म्हणजे एका हाताने दिलेली परवानगी दुसऱ्या हाताने काढून घेतली, असे होते. तसेच, पंप काढल्यावर रॅकवर नळ्यांची भोके उघडी राहतात. ती बंद करण्याविषयी वाक्य गप्प आहे. म्हणून ती उघडी ठेवून त्यांत धूळ जाऊ द्यायची का?

कोणीही समंजस परीक्षक असे म्हणणार नाही. एखादी गोष्ट करायला परवानगी दिली, की ती करण्यासाठी जे अपरिहार्य आहे त्याचीही परवानगी आपोआप मिळते. पण ‘अपरिहार्य’ हा दरवाजा फार जपून उघडावा लागतो, कारण त्यातून तिसरा स्पर्धकही शिरू पाहतो. तो म्हणेल, पंप काढल्यावर स्टीअरिंग जड आणि पोकळ झाले, म्हणून दांडी पक्की करणे मला अपरिहार्य होते.

इथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. ही गोष्ट केली नाही, तर परवानगी दिलेले काम होऊच शकत नाही का? की होते, पण पुरेसे चांगले होत नाही? भोक बंद केले नाही तर काम अपुरेच राहते. ते गरजेत मोडते. दांडी पक्की केली नाही तरी गाडी चालते, वळते. फक्त हवी तशी वळत नाही. ते फायद्यात मोडते. गरज परवानगीच्या पोटात असते, फायदा नसतो. पुस्तकानेही या दिशेने एक चांगले तत्त्व मांडले आहे: परवानगी असलेल्या बदलाने परवानगी नसलेले दुसरे कार्य साधता कामा नये. म्हणजे भोक बंद करायला बूच लावा. पण बुचाच्या नावाखाली दुसरे काही बसवू नका.

हेतू की कार्य?

या पुस्तकातले मला सर्वांत दुबळे वाटणारे शब्द म्हणजे वर आलेले ‘स्पर्धेत लाभ मिळवण्याच्या हेतूने’ हे. हेतू मोजता येत नाही. तिसऱ्या स्पर्धकाला विचारा, तो म्हणेल, मी सुरक्षिततेसाठी केले. पहिला म्हणेल, पट्टा तुटला होता. दोघेही खरे बोलत असतील. परीक्षकाच्या हातात पाना आणि मोजपट्टी असते. मनात डोकावण्याचे साधन नसते. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. जे निरीक्षणाने ठरवता येत नाही ते व्याख्येत घातले, की वाद मिटण्याऐवजी वाढतो.

तुलनेसाठी व्यावसायिक शर्यतींतील फॉर्म्युला वनचा एक नियम पाहू. त्याचा आशय असा: पॉवर स्टीअरिंग विजेवर चालणारे किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे नसावे, आणि गाडी वळवण्यास लागणारे शारीरिक श्रम कमी करणे याखेरीज त्याने दुसरे कोणतेही कार्य करू नये. इथे हेतू नाही, कार्य आहे. यंत्र समोर ठेवून, ते काय करते हे तपासता येते. लेखन म्हणून हे वाक्य सरस आहे.

पण कार्याची भाषाही अभेद्य नसते. 2020 साली मर्सिडीज संघाच्या गाडीत चालक स्टीअरिंगचे चाक स्वतःकडे ओढताना दिसला. चाक ओढले की पुढची दोन चाके एकमेकांशी करत असलेला कोन बदलत असे. त्या वर्षी जुलैत ऑस्ट्रियातील शर्यतीच्या वेळी रेड बुल संघाने तक्रार केली. वादाचा गाभा असा, की हे स्टीअरिंग आहे की सस्पेन्शन? गाडी धावत असताना सस्पेन्शनमध्ये बदल करायला मनाई होती. परीक्षकांनी निर्णय दिला, की ही रचना रूढ नसली तरी स्टीअरिंगचाच भाग आहे, आणि तक्रार फेटाळली. मात्र 2021 पासूनच्या नियमात, चाकांची दिशा ही स्टीअरिंग एका आसाभोवती किती फिरवले यावरूनच ठरली पाहिजे, असे स्पष्ट झाले. चाक फिरवता येते तसे ओढताही येते, ही शक्यता शब्दांनी बंद झाली. वटवाघूळ पक्षी की सस्तन, या प्रश्नासारखाच हा वर्गीकरणाचा प्रश्न होता. कोणत्या खणात टाकता, यावर कोणता नियम लागू हे ठरते.

गुण आणि दोष

तर या नियमपुस्तकाचे मूल्यमापन काय करावे?

त्याचा मोठा गुण म्हणजे मौनाचा अर्थ ते आधीच सांगून ठेवते. नवख्या माणसाला कळते, की शंका असेल तर उत्तर ‘नाही’ आहे. दुसरा गुण, क्रियापदे वेगळी ठेवण्याची शिस्त. आणि तिसरा, चूक दुरुस्त करण्याचा राजमार्ग. कोणाही सभासदाला नियम बदलण्याची लेखी विनंती करता येते. मंडळ तिचा विचार करते आणि इतरांची मते मागवते. आपल्या पहिल्या स्पर्धकाला न्याय मिळायचा तो या वाटेने. वाक्य वाकवून नव्हे, वाक्य बदलून.

दोषही आहेत. परवानग्यांची यादी बंदिस्त असली की प्रत्येक नव्या अडचणीसाठी नवे वाक्य लागते, आणि पुस्तक जाड होत जाते. नवे वाक्य जुन्या वाक्याशी नव्या फटी तयार करते. हेतूचे शब्द मोजता न येणारे आहेत. आणि जाड पुस्तकाचा सर्वांत जास्त त्रास कोणाला? ज्या हौशी माणसाचा खर्च वाचवण्यासाठी हा बंदोबस्त केला त्यालाच. त्याच्याकडे पुस्तक पाठ असलेला मदतनीस नसतो.

अंमलबजावणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अधिकारी तपासणी करतातच. पण एखाद्या स्पर्धकाला दुसऱ्याच्या गाडीविषयी शंका आली, तर त्याला शुल्क भरून लेखी तक्रार करता येते. गाडी खोलावी लागणार असेल तर त्या खर्चाची अनामत ठेवावी लागते, आणि गाडी नियमात बसली तर तो भुर्दंड तक्रारदाराच्या माथी. रॅकच्या आत दांडी वेल्डिंग केली आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. ते पाहायचे तर रॅक बाहेर काढून खोलावा लागेल. एवढ्या खटाटोपाला कोण तयार होणार? म्हणून अशा बाबतीत नियम पाळला जातो तो बहुतांशी पाळणाऱ्याच्या मनामुळे. सगळे पुस्तक वाचून झाल्यावर जाणवते ते हे, की त्यातल्या बऱ्याच वाक्यांना पहारेकरी नाही. आपल्या गैरसोयीचा अर्थ खरा असेल तर तो मान्य करणारा वाचक, हाच त्यांचा आधार.

वर्गात काय करता येईल?

आपल्याकडेही हा विषय अगदी परका नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांत पुण्या-मुंबईचे आणि महाराष्ट्रातील इतर महाविद्यालयांचेही, फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधतात. कोईमतूरजवळच्या कारी धावपट्टीवर होणारी ‘फॉर्म्युला भारत’ ही अशीच स्पर्धा. या प्रकारच्या नियमांत स्टीअरिंगच्या पोकळ फिरण्याविषयी एक सुंदर वाक्य असते: स्टीअरिंगच्या चाकावर मोजलेली पोकळ हालचाल एकूण 7 अंशांपेक्षा जास्त नसावी. कुठे मोजायचे ते सांगितले, किती ते सांगितले, आणि हेतूविषयी अवाक्षर नाही. चाकाची त्रिज्या 13 सेंटिमीटर धरली तर 7 अंशांचा कंस सुमारे 1.6 सेंटिमीटर येतो. नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित करावे, आणि मग एखाद्या उभ्या गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे स्टीअरिंग किती पोकळ फिरते ते मालकाच्या परवानगीने पट्टी लावून पाहावे.

आणखी एक उपक्रम. वर्गात रबरबँडवर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा ठेवा. निम्म्या मुलांना नियम लिहू द्या. पाच वाक्यांहून जास्त नकोत. उरलेल्यांना ते नियम मोडल्याशिवाय त्यांतून निसटायला सांगा. ‘गाडी फक्त रबरबँडवर चालावी’ असे लिहिले, तर कोणीतरी ती उतारावरून सोडील. ‘सपाट जमिनीवर’ असे घातले, तर कोणी दहा रबरबँड लावील. मग बाजू बदला. शेवटी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा. यातले क्रियापद कोणते? हे मोजून ठरवता येते का? आणि याविषयी नियम गप्प असेल, तर गप्प राहण्याचा अर्थ काय, हे आधी ठरले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाशी मुले अडखळतील. अडखळू द्यावीत. पुढे कधी करारावर सही करताना, औषधाच्या वेष्टनावरची सूचना वाचताना किंवा स्वतः ग्रामपंचायतीचा ठराव लिहिताना हेच अडखळणे त्यांच्या उपयोगी पडेल.